ताशी पन्नासने कच्छच्या छोट्या रणात

शुक्रवार : बडोदा ते पाटडी

जुन्या गाडीने लांब जायचं असलं की आदल्या रात्री कपड्यांच्या आधी हत्यारांची पेटी भरावी लागते. फॅनबेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, एक जादा कॉइल, फ्युएल पंपाचा डायफ्राम, रबरी नळीचे तुकडे, पॉलिश पेपर, बांधायची तार, पाण्याचे दोन कॅन. कपडे उरलेल्या जागेत बसतील तेवढेच. खाण्याची पिशवी मात्र वेगळी, आणि बडोदेकरांच्या पिशवीत लीलो चिवडा नसेल तर गाडी दांडिया बाजार ओलांडत नाही.

गाड्या तीन. माझी १९५७ ची फियाट ११००, मुंबईकडे जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगलाच, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. साडी नेसून उतरायला याहून सोयीची गाडी कुणी केली नाही, असं आई म्हणायची. शेजारी मनू, शाळेपासूनची मैत्रीण, नकाशा आणि चिवडा दोन्ही तिच्या ताब्यात. डॉक्याची अँबॅसडर मार्क टू. त्याने शुक्रवारी सकाळीच दवाखान्याला कुलूप लावलं. चाकावर बहुतेक वेळ वहिनी असतात, कारण डॉक्या चालवायला बसला की दर दहा किलोमीटरला काही तरी वाजल्याचा त्याला भास होतो. तिसरी बापूंची जीप, महिंद्राची उंच बॉनेटवाली सीजे-३बी. बापू आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यामुळे ताफ्याचा वेग तेच ठरवतात. त्यांनी ठरवला पन्नास.

एक्स्प्रेसवेने अहमदाबाद ९३ किलोमीटर. आम्ही गेलो नाही. तिथे पन्नासने चालणारी गाडी म्हणजे मागून येणाऱ्याला संकट, आणि बंद पडली तर सावलीला झाडसुद्धा नाही. जुन्या हायवेने निघालो. वासदला मही ओलांडली, आणंद-नडियाद मागे टाकलं. दर अर्ध्या तासाला चहाची टपरी आणि दर टपरीवर एक तरी माणूस असा, की ज्याच्या काकांकडे अशीच फियाट होती. काकांची गाडी ऐकत ऐकत नडियाद गाठायला दुपार व्हायला आली.

अहमदाबादच्या अलीकडे कठवाड्याला थांबलो. प्राणलाल भोगीलाल यांचा ऑटो वर्ल्ड हा संग्रह तिथे दास्तान इस्टेटमध्ये आहे. रोल्स रॉइस, बेंटली, डेमलर, शंभराहून जास्त गाड्या, संस्थानिकांच्या काळापासूनच्या. डॉक्या प्रत्येकीच्या रेडिएटरपाशी वाकून बघत होता. मला पहिला अर्धा तास आनंद झाला आणि मग कंटाळा यायला लागला. एवढ्या सगळ्या गाड्या आणि पेट्रोलचा वास कुठेच नाही. २०२३ च्या जानेवारीत आमच्या लक्ष्मीविलास पॅलेसवर मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हाही मला असंच झालं होतं: हिरवळ, पॉलिश, परीक्षक, आणि टायरच्या खाचेत एक खडा नाही.

बापूंनी नेमका तिथेच विषय काढला. जीपची नोंदणी ‘व्हिंटेज’मध्ये करून टाकावी म्हणतात. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खाजगी गाडी त्यात बसते. नव्याने नोंदवली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,०००. नेहमीच्या नोंदणीत मात्र दर पाच वर्षांनी आरटीओच्या पायऱ्या, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरण फी २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झाली. बापू बँकेतून निवृत्त झालेले. हिशोब त्यांनी पाकिटाच्या मागे मांडून दाखवला.

“पण मग चालवायची कधी?” मनूने विचारलं.

कारण मेख तिथे आहे. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यालाच मुभा. मित्रांनी रणात फिरायला जाणं यातल्या कशात बसतं? वहिनी म्हणाल्या, आमची तर सगळी सहल दुरुस्तीतच जाते, बसेल की! बापू हसले, पण पाकीट त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.

साणंदच्या चौकात वहिनींचं म्हणणं खरं ठरण्याची वेळ आली. शिफ्ट सुटलेली, कंपन्यांच्या बसेसची रांग, डोक्यावर फेब्रुवारी अखेरचं ऊन. माझी फियाट दोनदा शिंकली आणि गप्प झाली. व्हेपर लॉक. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. गाडी वाहती असेपर्यंत वारा लागतो. खोळंबली की पंप आणि नळी इतकी तापते की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून आमच्या गटात ही तक्रार वाढली आहे. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही ते वेगळंच, त्यासाठी तर पेटीत डायफ्राम. उपाय मात्र सत्तर वर्षांपूर्वीचाच. वहिनींनी नॅपकिन पाण्यात बुडवून पंपाभोवती गुंडाळला, नळीवर दुसरा, आणि आम्ही बॉनेट उघडं टाकून चिवडा काढला.

कंपनीच्या गणवेशातली पोरं जमली. टाटांची नॅनो सिंगूरहून उठून याच साणंदला आली होती, २०१० पासून इथे बनायची. ती गेली, आता इथे दुसऱ्या गाड्या बनतात. दिवसभर रोबोटच्या शेजारी काम करणाऱ्या त्या मुलांनी मेकॅनिकल पंप उघड्यावर कधी पाहिला नव्हता. एकाने हळूच हात लावून चटका घेतला. दुसऱ्याने थेट व्यवहाराचं विचारलं: “बेन, केटलामां आपशो?” विकायची नाही म्हटल्यावर त्याला माझी कीव आल्यासारखं दिसलं. वीस मिनिटांनी नॅपकिन वाळले, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि पोरांनी ढकलायची संधी हुकल्याबद्दल नाराजी दाखवली.

विरमगाममधून न थांबता गेलो. इंग्रज सरकारची काठियावाडच्या सीमेवरची जकात इथेच होती. गांधीजींनी तिचा पाठपुरावा केला आणि १९१७ मध्ये ती उठली. आता इथून पुढे अडवणारं कुणी नाही, फक्त म्हशी. विरमगामनंतर शेतं विरळ होत जातात, गांडा बावळाची झुडपं वाढतात आणि मातीचा रंग राखाडी होतो. पाटडीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बाजरीचे रोटले, वांग्याचा ओळो, लसणाची चटणी, गूळ. झोपायला जाताना डॉक्या अँबॅसडरखाली बॅटरी घेऊन आडवा पडलेला होता. त्याला काही तरी वाजल्यासारखं वाटलं होतं.

शनिवार : रण

पहाटे स्वेटर लागला. बजाणाला वनखात्याच्या कचेरीत परवाना काढला, वाटाड्या घेतला. घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं, हे अभयारण्य जवळपास ४,९५४ चौरस किलोमीटरचं; रस्ता म्हणावा असं त्यात काही नाही. पावसाळ्यात खाडीचं खारं पाणी आणि बनास, रूपेण, सरस्वती या नद्यांचं गोडं पाणी एकत्र येऊन हा सगळा पट्टा पाण्याखाली जातो, थोडी उंचवट्याची बेटं तेवढी वर राहतात. दिवाळीच्या सुमारास पाणी आटलं की मागे उरतो तो चिकणमातीचा कोरडा तळ. त्यावर टँकर आणि मोटरसायकली जाऊन जाऊन जी चाकोरी पडते तोच रस्ता. ती सोडली तर वर कोरडं पापुद्र्याचं मीठ आणि खाली काळा चिखल. चाक पापुद्रा फोडून आत गेलं की ट्रॅक्टर शोधायचा.

कुठली गाडी कुठवर न्यायची, यावर कालच वाद झाला होता. फियाटला आणि अँबॅसडरला वेगळी चासी नाही, पत्र्याचा डबा हाच सांगाडा. तळाच्या पत्र्याला मीठ लागलं आणि आत गंज धरला तर गाडीच गेली. जीपला खाली पोलादी चासी आहे, ती सोसते. म्हणून ठरलं असं: कोरड्या मातीच्या चाकोरीवर तिन्ही गाड्या, जिथून जमीन पांढरी व्हायला लागेल तिथून सगळे जीपमध्ये.

आणि ती कोरडी चाकोरी! बडोद्यातल्या एकाही रस्त्याला एवढी सपाटी नाही. फियाटच्या पुढच्या त्रिकोणी काचा उलट्या फिरवल्या की वारा थेट तोंडावर येतो. तशा उघड्या काचा, चौथा गिअर, आणि डॅशबोर्डवरची एकही वस्तू वाजत नव्हती. खड्डा नाही, वळण नाही, समोर कुणी नाही. किती वेगाने चाललोय हे नजरेला कळेनासं होतं, कारण बाजूने मागे पळायला झाड लागतं आणि इथे झाडच नाही. क्षितिजावर पाणी चकाकतं, त्यात जीप अर्धी तरंगताना दिसते. बापू पन्नासवर होते म्हणे. आम्हीही पन्नासवर होतो, असं आम्ही त्यांना नंतर सांगितलं.

वाटाड्याने हात वर केला तशा तिघांनी गाड्या थांबवल्या आणि इंजिनं बंद केली. उजवीकडे घुडखरांचा कळप होता. फिकट तांबूस अंग, पोट पांढरं, पाठीवरून शेपटीपर्यंत गडद पट्टा. गाढव हा शब्द यांना शोभत नाही; चाल घोड्याची आहे. १९६० च्या दशकात रोगराईने ही संख्या काही शेवर आली होती. २०२४ च्या गणतीत ती ७,६७२ भरली. बेभान पळायला लागले तर ताशी ७० पर्यंत जातात, म्हणजे आमच्या ताफ्यातल्या कुठल्याही गाडीला ते सहज मागे टाकतील. काही हौशी लोक मोठमोठ्या गाड्यांनी त्यांच्या मागे लागून व्हिडिओ काढतात. असल्या माणसांचा परवाना तिथल्या तिथे फाडायला हवा. आम्ही काचेतून बघत बसलो. एका नराने कान फिरवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बेटाच्या कडेचं सुकं गवत ओढायला लागला.

पुढे माती पांढरी झाली. दोन्ही गाड्या बेटाच्या कडेला लावल्या, आणि जीपमध्ये कोंबून बसून अगरियांच्या पाट्यांकडे, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांकडे गेलो.

अगरिया म्हणजे मीठ पिकवणारे. पाऊस सरला की बायकामुलांसह रणात येतात, झोपडी उभारतात आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथेच राहतात. प्यायचं पाणी टँकरने. इथलं मीठ समुद्राच्या पाण्याचं नाही. जमिनीखाली समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाणी आहे, ते विहिरीतून उपसतात आणि एका पाट्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं उन्हात आटवत नेतात. शेवटच्या पाट्यात खडे धरतात. हे वडागरू मीठ, टपोऱ्या स्फटिकांचं. रोज लाकडी दंताळ्याने तळ ओढत राहायचा, नाही तर खड्यांची फरशी होऊन बसते. उपसायला पूर्वी सगळीकडे डिझेल इंजिनं होती आणि हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा त्या डिझेलमध्येच जायचा. गेल्या काही वर्षांत सोलर पंप आले. आम्ही थांबलो त्या झोपडीपाशीही पॅनेलांची रांग होती, आणि बाजूला बारदानाखाली जुनं इंजिन. टाकून दिलेलं नाही, झाकून ठेवलेलं. ढगाळ दिवसाला लागतं.

चहा झाला. पाट्याच्या कडेला झोपडीतल्या अगरिया भाईंनी एक काचेची नळी पाण्यात सोडली आणि वाकून आकडा वाचला. “चोवीस डिग्री,” म्हणाले. ही डिग्री पाण्याच्या दाटपणाची; पंचविसाच्या आसपास मीठ पडायला लागतं. डॉक्या उठलाच. बॅटरीच्या ॲसिडचा दाटपणा मोजायचा हायड्रोमीटर त्याच्या पेटीत कायम असतो, आणि दोन्ही वस्तू मुळात एकच. फक्त आकडे लिहायची पद्धत वेगळी. त्याने तो आणून पाट्यात बुडवला, रबरी फुगा दाबून सोडला, पाणी वर चढलं. तरंगता काटा बाराशेच्या किंचित खाली थांबला. भरलेल्या बॅटरीत तो साडेबाराशेच्या वर असतो.

“चार्ज कमी आहे,” डॉक्या गंभीरपणे म्हणाला.

वहिनींनी त्याचं गुजराती करून सांगितलं. भाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी पलीकडच्या पाट्यावरच्या भावाला ओरडून बोलावलं आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. त्यांची मुलगी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून बघत होती. मग एकदम डॉक्याच्या लक्षात आलं, की बॅटरीत मीठ गेलं तर बॅटरी संपली. डिस्टिल्ड वॉटरने धुऊ का? कितीदा धुऊ? बापू म्हणाले, देऊन टाका पोरीला. दिला. त्या दिवशी त्या घरात दाटपणा मोजायची दोन साधनं झाली.

निघताना जीप सेल्फने घेईना. बापू इंजिन हाताने फिरवायचं हँडल काढून पुढे गेले, तर भाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं. ते धरण्यातच कळलं. नवखा माणूस मूठ आवळतो, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. यांनी अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, दांडा खालून वर खेचत कॉम्प्रेशन कुठे लागतं ते आधी चाचपलं, आणि मग एकच ओढ. जीप सुरू. बारदानाखालचं इंजिन रोज असंच सुरू करायचो, म्हणाले. कठवाड्याच्या त्या शंभर गाड्यांमधून फिरताना मला असं धरलेलं हँडल दिसलं नव्हतं.

मनूने बापूंना तेवढ्यात टोचलं: “हे कशात बसेल? प्रदर्शनात की तांत्रिक संशोधनात?”

संध्याकाळी बजाणाच्या तळ्यावर गेलो. रोहित होते, क्रौंचांचे थवे उतरत होते, डासही होते. पक्षी मला फारसे कळत नाहीत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

रविवार : बेचराजी, मोढेरा, हांसलपूर आणि घर

सकाळचा पहिला तास धुण्यात. पाटडीत एका सर्व्हिस स्टेशनवाल्याकडे तिन्ही गाड्या उचलून खालून पाणी मारलं, मडगार्डच्या आतल्या कडा हाताने चोळल्या. तो मुलगा आमच्यापेक्षा मन लावून करत होता. रणातून आलेली गाडी धुणं हाच त्याचा धंदा.

दसाड्यावरून बेचराजी. इथे बडोद्याच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. हा मुलूख गायकवाडांचा. बहुचर मातेचं आजचं मोठं मंदिर मानाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. त्यांना झालेली गाठ देवीच्या कृपेने बरी झाली, अशी आख्यायिका. डॉक्याने गाठीबद्दल वैद्यकीय शंका काढायला तोंड उघडलं होतं, वहिनींनी प्रसाद भरवला. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिराला आम्ही फार धावती भेट दिली. पहिल्या भीमदेव सोळंकीच्या काळातलं, १०२६-२७ चं मंदिर आणि पुढ्यातलं पायऱ्यांचं कुंड, त्यासाठी वेगळा दिवस काढून यावं. ऊन चढायच्या आत साणंद ओलांडायचं, ही फियाटची अट होती.

बेचराजीहून विरमगामच्या रस्त्यावर हांसलपूर लागतं, सुझुकीचा कारखाना. २०१७ पासून इथे गाड्या बनतात, आणि २०२४ मध्ये आवारातच रेल्वेची साइडिंग झाली. नव्या गाड्या तिथूनच मालगाडीत चढतात. फाटकासमोर ट्रेलर लागलेले, प्रत्येकावर प्लॅस्टिक पांघरलेल्या पांढऱ्या गाड्या. आमचा ताफा त्यांच्या मधून पन्नासने गेला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि फियाट-अँबॅसडरचे दिवस भरले. पद्मिनीचं उत्पादन शतक सरता सरता थांबलं, अँबॅसडर उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत तग धरून होती. राग धरायचा तर इथेच धरायला हवा. पण खरं सांगायचं तर बाबांनीही १९८७ मध्ये मारुती घेतली होती आणि फियाट लग्नकार्यापुरती उरली होती. ज्या गाड्यांसाठी आज आपण उसासे टाकतो, त्यांच्यासाठी लोकांनी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावले ते प्रेमापोटी नव्हे. दुसरी मिळतच नव्हती. मनूचं म्हणणं की तू उगाच कडू बोलतेस. असेल. एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने मात्र खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मोबाइलवर आमचा फोटो काढला. मागे लादलेल्या गाड्यांचा त्याने कधी काढला असेल असं वाटत नाही.

साणंद विनातक्रार पार पडलं. नॅपकिन आधीच ओले करून ठेवले होते.

खेडा शहराच्या पुढे, दिवस मावळता मावळता, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला तो विझेचना. डायनॅमो चार्ज देत नव्हता. याचा अर्थ बॅटरीत जे आहे त्यावरच इंजिनाची ठिणगी आणि हेडलाइट दोन्ही चालवायचे. हेडलाइट लावले तर घर गाठणं कठीण, न लावले तर अंधारात ट्रक दिसणार नाहीत. बापूंनी तोडगा काढला: वहिनी पुढे, मी मधे फक्त पार्किंगचे दिवे लावून, मागे जीप पूर्ण दिव्यांनिशी, इंडिकेटर चालू ठेवून. आणंद ते छाणी असे आलो, तिशी-पस्तिशीने, डाव्या कडेने. मनू पूर्ण वेळ अँबॅसडरच्या मागच्या दिव्यांवर डोळे लावून, ब्रेक लागले की “ब्रेक!” म्हणून ओरडत होती. बॅटरीचा चार्ज किती उरलाय हे मोजायला हायड्रोमीटर हवा होता. तो रणात एका मुलीकडे.

छाणी नाक्यावर रस्त्याचे दिवे लागले तेव्हा आम्ही सेवउसळ खायला थांबलो, इंजिन बंद न करता. सोमवारी डायनॅमो उघडला तर कार्बन ब्रश झिजून बोटाच्या नखाएवढा राहिला होता. बडोद्यातल्या मांडवीच्या एका दुकानात जोडी मिळाली, पेट्रोलच्या खर्चाच्या मानाने चिल्लर.

बापूंचा परवा फोन आला होता. व्हिंटेजचा फॉर्म आणलाय, अजून भरला नाही. आधी एकदा धोळावीराला जाऊन येऊ म्हणाले, रस्ता पाण्यातून जातो तो, मग बघू.